बैठकीची उंची

३ फेब्रुवारी

फिजिओवाली आज स्पष्ट बोलली. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, सळी नीट आहे, पण बाबांना आता रोज खुर्चीत बसवलं पाहिजे. पलंगाच्या कडेवर नाही, खुर्चीत. पाठ टेकलेली, दोन्ही बाजूंना हात, तळपाय जमिनीवर सपाट. पहिले तीन महिने काय ते हातात असतात. नंतर गुडघा आखडला की तो कुणाचं ऐकत नाही, म्हणाली.

घरात तशी खुर्ची नाही. सोफा फार खोल, त्यात बाबा बुडतात. जेवणाच्या खुर्च्यांना हात नाहीत. ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात फुटपाथवर मांडून ठेवलेल्या असतात, ऑफिसातून येताना उचलून आण.

उचलून आण! जणू झाडू आणायचाय.

रेडिमेड खुर्ची सगळ्यांसाठी असते, म्हणजे ती कुणासाठीच नसते. (हे वाक्य चांगलं जमलंय. कुठेतरी वापरता येईल.) ज्या माणसाने सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर उभं राहून, शिट्टी फुंकत काढली, तो आयुष्यात पहिल्यांदा बसणार आहे. खुर्ची त्याच्या मापाची हवी. हाताने बनवलेली. एखाद्या छोट्या कारागिराकडून, ऑनलाइन.

बाबांना विचारलं, कशी हवी. म्हणाले, "चार पाय असलेली. आणि खिडकीपाशी ठेव. छत पाठ झालंय माझं."

त्यांच्या पलंगावरून खिडकी दिसते, खिडकीतलं काही दिसत नाही. खाली चौक आहे. सिग्नल नाही, त्यामुळे लोक रस्ता ओलांडताना फार चुका करतात. बाबांना ते बघायचंय.

रात्री ताईचा फोन. तिचं घर तळमजल्यावर, दार मोठं, भावोजी रिटायर्ड. बाबांना घेऊन जाते म्हणाली. मी नाही म्हणालो. तिने मुदत घातली: एप्रिलच्या शेवटी येते, बाबा खुर्चीत बसताना आणि आपल्या पायांवर उभे राहताना दिसले तर राहू देत तुझ्याकडे, नाही तर गाडी घेऊनच येतेय.

बाबा इथे राहावेत असं मला त्यांच्यासाठी वाटतं, की ताई जिंकू नये म्हणून? बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला. त्यांच्यासाठी.

५ फेब्रुवारी

सापडली! एक बाई आहेत. एकट्याच काम करतात. पेजवर त्यांचा चेहरा कुठेही नाही, फक्त हात. हातावर लाकडाचा भुसा. खाली लिहिलंय: 'एका वेळी एकच वस्तू. घाई असेल तर कृपया दुसरीकडे जा.'

हे वाचून बरं वाटलं. आजकाल गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगायला हिंमत लागते.

मी त्यांना सविस्तर मेसेज लिहिला. बाबांची नोकरी, त्यांचा ताठ कणा, आईच्या माघारी त्यांनी आम्हा दोघांना कसं वाढवलं, बाथरूममधलं पडणं, ऑपरेशन. लिहिताना दोनदा डोळे भरून आले. उत्तर आलं: अंगठा.

कलावंत कमी बोलतात.

६ फेब्रुवारी

हिने विचारलं, किती दिवसांत देणार? मी विचारलेलं नाही. कारागिराला तारीख विचारणं म्हणजे गरोदर बाईला तारीख विचारण्यासारखं आहे, असं मी म्हणालो. ही म्हणाली, गरोदर बाईला सगळे तारीखच विचारतात.

पूर्ण पैसे आधीच भरले. अर्धे भरायची सोय होती. पण अर्धे भरणारा अर्धाच विश्वास ठेवतो.

१० फेब्रुवारी

मापं मागवली आहेत. बैठकीची रुंदी, बैठकीची खोली, बैठकीची उंची, हातांची उंची.

मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बैठकीची खोली दहा बाय बारा. त्यात तुझी पुस्तकं." मी तिला समजावून सांगितलं की इथे खोली म्हणजे रूम नव्हे, डेप्थ. ती म्हणाली, तो विनोद होता. असेल. पण संदिग्धता ओळखणं हा माझा पेशा आहे. मिक्सर, पंखे, गिझर यांच्या वापर-पुस्तिका मी लिहितो. एका शब्दाचे दोन अर्थ झाले तर कुणाचं तरी बोट जातं.

म्हणून 'बैठकीची उंची' यावरही थांबून विचार केला. बैठक म्हणजे बसण्याची स्थिती. म्हणजे माणूस बसल्यावर त्याची जी उंची होते ती. बरोबर. पाठ किती उंच करायची हे त्यावरच ठरणार. बाई शास्त्रशुद्ध काम करतात.

बाबांना पलंगावर ताठ बसवून टेपने मोजलं, गादीपासून टाळूपर्यंत. ते म्हणाले, "जन्मभर पोरांना बैठका मारायला लावल्या. आता माझी बैठक मोजतायत." बसल्या बसल्या त्यांना घाम आला, पण मी दुसऱ्यांदा मोजलं. मापात हयगय नको. एकतीस इंच.

१४ फेब्रुवारी

बाईंचा मेसेज: "बैठकीची उंची ३१ नक्की? फार उंच होतं."

जरा लागलं. म्हातारा माणूस म्हणजे वाकलेलाच असणार असं लोक गृहीत धरतात. मी लिहिलं, माप दोनदा तपासलं आहे, माझे वडील ताठ आहेत, ड्रिल मास्तर होते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं: "आणि पाय?"

मी लिहिलं: "पाय शाबूत आहेत. ऑपरेशन फक्त खुब्याचं आहे."

बऱ्याच वेळाने: "ठीक. तुमची इच्छा."

माझ्या उत्तरात किंचित फटकळपणा आला का? आला असावा. रात्री माफीचा मेसेज टाकला. अंगठा आला.

२३ फेब्रुवारी

फिजिओवालीने विचारलं, "काका, तुमची खुर्ची अजून झाडच आहे का?" बाबा हसले. मीही हसलो. या पेशात विनोदबुद्धी असणं चांगलंच, पण तिने हे दर खेपेला विचारू नये.

सध्या ही बाबांना पलंगाच्या कडेला बसवते आणि स्वतः पाठीमागे बसून पाठीला पाठ लावते. तिची कंबर दुखते, म्हणाली. मी तिला म्हणालो, थोडेच दिवस.

२७ फेब्रुवारी

ऑफिसातून आलो तर बाबा खिडकीत! हात असलेल्या खुर्चीत बसलेले, तळपाय जमिनीवर, खाली चौकात बघतायत. "तो बघ, तो बघ," हिला म्हणत होते, "पोत्यासारखा पळतोय. गुडघे वर घे, गाढवा!" खालच्या त्या माणसाला बिचाऱ्याला काही ऐकू गेलं नसेल.

खुर्ची वरच्या मजल्यावरच्या वकिलांची. त्यांच्याकडे पडून होती, जिना चढताना हिच्याशी बोलणं झालं, त्यांनी आणून दिली. तासभर बसले होते बाबा, ही म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता जणू तिनेच खुर्ची घडवली.

मला आनंद झाला. तो नोंदवतो, कारण नंतर जे वाटलं तेही नोंदवायचं आहे. एका खुर्चीची सवय झाली की शरीर त्या खुर्चीचा आकार घेतं. मग जी खुर्ची बाबांच्या मापाने बनते आहे ती त्यांना बसणार नाही. आणि तात्पुरत्या गोष्टी घरात कायमच्या होतात, हे आमच्या जेवणाच्या खुर्च्यांवरून दिसतंच.

२८ फेब्रुवारी

वकिलांची खुर्ची मीच वर नेऊन दिली. ते म्हणाले, अहो असू द्या, आम्हाला नकोच आहे. मी आभार मानले आणि ठेवून आलो.

बाबांनी विचारलं, "वकिलांनी परत मागितली का?"

मी हो म्हणालो नाही. मान हलवली. मान हलवण्याचे बरेच अर्थ होतात.

ही आपलं ताट घेऊन बाबांच्या पलंगापाशी जेवायला गेली.

५ मार्च

बाईंनी फोटो पाठवला. एक फळी, भिंतीला टेकवलेली. खाली: 'लाकडाला विश्रांती दिली आहे.'

किती सुंदर कल्पना! बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "लाकूड झोपलंय, मी झोपलोय," ते म्हणाले, "तू काय करतोयस?"

१२ मार्च

पाठीवर काही कोरायचं का, असं बाईंनी विचारलं होतं. आधी नको म्हणालो, दिखाऊपणा नको. मग वाटलं, शिट्टी. एक छोटी शिट्टी, पाठीच्या मधोमध. मग वाटलं, शिट्टी टोचेल. मग बाजूला, वर, उजवीकडे. मग बाबा डावखुरे आहेत हे आठवलं.

आज बाईंनी कळवलं की प्रत्येक बदलाला ऑर्डर रांगेत शेवटी जाते. नियम पेजवर लिहिला आहे. मी शिस्तीबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. नियम नसतील तर छोटे व्यवसाय टिकणार कसे?

हिला हे सांगितलं नाही. तिला रांगेची पद्धत कळणार नाही.

२० मार्च

बाबांच्या पाठीला खाली लाल झालंय. फिजिओवाली म्हणाली, पडून पडून. गुडघा आधी काटकोनात वाकत होता, आता वाकत नाही. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत हिच्याकडे होती.

ती गेल्यावर भांडण. ही पिशवी घेऊन निघाली, आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावरून प्लास्टिकची आणते म्हणाली. मी दारात उभा राहिलो. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, इतके दिवस थांबलो ते काय प्लास्टिकसाठी?

ती म्हणाली, "थांबलेत ते बाबा. आणि तुला बाबांना बसवायचं नाहीये. तुला खुर्ची द्यायचीय."

आतून बाबा ओरडले, "भांडा, पण दार उघडं ठेवून भांडा. मला नीट ऐकू येत नाही."

पिशवी खुंटीवर गेली.

२२ मार्च

हिच्या वाक्यावर दोन दिवस विचार केला. टीका झाली की ती झटकायची नाही, तपासायची, हा माझा नियम आहे. तपासली. वाक्यरचना चांगली आहे. आशय बरोबर नाही.

२ एप्रिल

बाईंकडून उत्तर नाही. पेजवर लिहिलंय, 'थोडी विश्रांती घेत आहोत.' आधी लाकूड, आता बाई.

त्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय! एकाने लिहिलंय, माझ्या पाळण्याचं काय झालं, बाळ आता चालायला लागलं. दुसऱ्याने लिहिलंय, मग त्याला चालतं करून बाईंच्या दाराशी पाठवा, पाळणा घेऊन येईल. त्याला पुष्कळ लाल बदाम.

लोकांकडे धीर राहिलेला नाही. मी तिथेच लिहिलं: 'चांगल्या कामाला वेळ लागतो. आम्ही वाट बघू.' माझ्या वाक्याला एक बदाम मिळाला. बाईंचाच.

म्हणजे त्या फोन बघतात.

८ एप्रिल

बाबांनी खिडकीचा विषय सोडला आहे. धीर धरायला शिकले आहेत ते.

हिने बाथरूममधला आरसा काढून बाबांच्या समोरच्या भिंतीवर वाकडा टांगला. त्यात खिडकी दिसते आणि खिडकीत चौकाचा एक कोपरा. मला दाढी आता ताटलीत बघून करावी लागते, पण ते असो. बाबा दिवसभर आरशात बघतात. काल म्हणाले, "सगळे डावीकडून चालतायत. मी सोडल्यापासून शिस्त सुधारली."

त्यांना मी आठवण करून दिली की आरशात उलटं दिसतं.

"माहितेय रे," म्हणाले. "तू जा ऑफिसला."

१९ एप्रिल

निघाली! खुर्ची निघाली! बाईंचा मेसेज: 'पाठवली. सांभाळा.' त्या एका शब्दात किती माया आहे.

ताईला फोन केला. तिला म्हणालो, ये तू, बघच. ती म्हणाली, मी पंचविसाला येतेच आहे, गाडी आधीच सांगितली आहे. गाडी रद्द करायला हरकत नाही, असं मी सुचवलं. ती म्हणाली, बघू.

फिजिओवालीला दार उघडतानाच बातमी दिली. तिने बाबांचा गुडघा वाकवून पाहिला. बाबांनी उशीचा कोपरा दातात धरला. "लवकर येऊ दे," ती म्हणाली. आज विनोद केला नाही.

२४ एप्रिल

संध्याकाळी आली. भला मोठा खोका. जिन्यात अडकला, वकील खाली आले, त्यांनी हात दिला. खोका एवढा उंच कसा, असं ते म्हणाले. पॅकिंग, मी म्हणालो.

पॅकिंग नव्हतं.

खुर्ची अप्रतिम आहे. हे आधी लिहितो, कारण ते खरं आहे. लाकूड तेलकट, मऊ, हात फिरवत राहावा असं. हातांची टोकं गोल केलेली, तळव्याखाली बरोबर येतील अशी. एका बाजूला वर, डावीकडे, छोटी शिट्टी. शिट्टीत वाटाण्याएवढा मणीसुद्धा कोरलाय.

बसायची जागा माझ्या कमरेच्या किंचित खाली आहे.

मी टेप आणली. जमिनीपासून बैठकीपर्यंत एकतीस इंच. एक सूतही इकडेतिकडे नाही.

ही हसायला लागली. हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली. मग थांबली. मग म्हणाली, "दुकान उघडं असेल अजून. जा ना. एवढं ऐक माझं."

मी म्हणालो, आधी नीट विचार करू. उंच बैठकीचे फायदेही आहेत. खिडकीची कड आडवी येणार नाही. जमिनीवरची गार हवा पायांना लागणार नाही. उठताना माणसाला खालून वर उठावं लागत नाही, तो जवळजवळ उभाच असतो. आणि पायांखाली स्टूल देता येईल.

"स्टूल कुठाय आपल्याकडे?" तिने विचारलं.

ऑनलाइन बघतो म्हणालो. ती आत गेली.

२५ एप्रिल

सगळं लिहून ठेवतो. नंतर लोक आपापल्या सोयीने सांगतात.

ताई आणि भावोजी दहाच्या सुमारास आले. ताईने खुर्ची पाहिली आणि विचारलं, "ही कुणाची? मॅचचे पंच येणारेत का?" भावोजी खुर्चीच्या खाली वाकून बघत होते. मी म्हणालो, बाबांना बसवून तर बघू.

मी, ताई, भावोजी आणि वकील. ही खाली पडले तर म्हणून गादी धरून उभी. उचलताना बाबा ओरडले, पण बसले. बसल्यावर त्यांचं डोकं आम्हा उभ्या माणसांच्या बरोबरीला आलं. पाय लोंबत होते. ऑपरेशनचा पाय जरा बाहेर वळलेला.

मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. अख्खा चौक दिसत असणार तिथून. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं जे बघण्यासाठी मी हे सगळं केलं. ते होतं. ही शपथेवर सांगेल.

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "इथून सगळा वर्ग दिसतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "हा अजून मागच्याच बाकावर."

मागच्या बाकावर उंच मुलं बसतात. पण ते मी बोललो नाही.

नंतर पाय काळानिळा पडायला लागला. बाबा म्हणाले, उतरवा. उतरवताना खुब्यात कळ आली, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि सोडेचनात. बाईंनी हातांना पकड फार चांगली दिली आहे. "सोडा बाबा," ताई म्हणत होती. "सोडलं तर पडेन," ते म्हणत होते. दोघांचंही बरोबर होतं.

तेवढ्यात त्यांना धरवलं नाही. लुंगी भिजली, बैठक भिजली.

मी लगेच फडकं आणलं. ओल मुरली की तेल दिलेल्या लाकडावरचा डाग जात नाही. मी बैठकीची कड पुसत होतो, तेव्हा ताईने माझ्या हातातून फडकं घेतलं आणि बाबांचे पाय पुसले.

बाबा खिडकीकडे तोंड करून होते.

खाली उतरवल्यावर भावोजी म्हणाले, अरे, करवत आण, पाय कापून टाकू, दहा मिनिटांचं काम. वकील म्हणाले, माझ्याकडे आहे, आणतो. आणलीसुद्धा! ताईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काप. आत्ता माझ्यासमोर काप, आणि मी एकटी परत जाते."

मी खुर्चीकडे पाहिलं. पाय खाली निमुळते होत गेलेत. एवढे कापले तर सगळं प्रमाण जातं. शिवाय बाईंना न विचारता त्यांच्या कामाला करवत लावणं कितपत योग्य? एकदा कापलं की परत घेण्याचा प्रश्नच संपतो. घाईत घेतलेले निर्णय मी नंतर कधीच स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

म्हणून म्हणालो, मला आजची रात्र विचार करू दे.

भावोजींनी करवत भिंतीला टेकवून ठेवली. ताई बाबांचे कपडे भरायला आत गेली. बाबांनी पलंगावरून आरशाकडे बोट केलं, म्हणाले, "तो नको. तो यांना दाढीला लागतो."

गाडीत बसवताना मी पुढे झालो. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि भावोजींचा धरला. भावोजी बलदंड आहेत, ते स्वाभाविक आहे.

२६ एप्रिल

रात्रभर विचार केला. पाय कापायला हवेत, या निष्कर्षाला आलो. ताईला कळवलं. तिने मेसेज वाचला.

३० एप्रिल

रिव्ह्यू लिहिला. सोपं नव्हतं. बाईंवर अन्याय नको आणि इतर गिऱ्हाइकांचीही फसगत नको. कारागिरीला पाच, वेळेला दोन, संवादाला एक. सरासरी काढून तीन तारे दिले. 'बैठकीची उंची' हा शब्दप्रयोग संदिग्ध आहे हे सौम्य शब्दांत नमूद केलं.

४ मे

बाईंनी जाहीर उत्तर दिलं आहे. शब्द दोनच: 'विचारलं होतं.' खाली आमच्या मेसेजांचा फोटो. 'आणि पाय?' 'पाय शाबूत आहेत.'

संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी बदाम. पाळण्याची वाट बघणाऱ्याने लिहिलंय, पाय शाबूत आहेत पण डोकं? ऑफिसात कुणीतरी ते प्रिंट करून पाण्याच्या मशीनवर लावलंय. मशीनची वापर-पुस्तिका माझीच आहे.

शब्दकोश काढून पाहिला. बैठक: बसण्याची जागा, बसण्याची रीत. दोन्ही दिलंय. म्हणजे चूक असलीच तर भाषेची.

रिव्ह्यू काढून टाकला. जाहीर वादात पडणं मला पटत नाही.

६ मे

हिला ताईचा फोन आला होता. मला नाही. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. गुडघा गेला. आता आधार दिला तरी उभे राहणार नाहीत. बसू शकतील तेवढं खरं, ते रोज बसतात, दारात, प्लास्टिकच्या खुर्चीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल सुधारतात. शेजारच्या मुलांना कवायत शिकवतात, बसल्या जागेवरून.

डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी बसवायला हवं होतं.

उशीर कुणामुळे झाला, हे ताई बोलली नाही. कारागिराकडून झाला हे तिच्याही लक्षात आलं असावं.

ही हे सगळं मला भांडी घासता घासता सांगत होती. शेवटी म्हणाली, "वकिलांची खुर्ची त्याच मापाची होती." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी म्हणालो, तसं ढोबळ मानाने म्हणता येईल.

९ मे

सुताराला बोलावून पाय कापून घेतले. त्याला चहा होईपर्यंतही थांबावं लागलं नाही. "एवढंच?" त्याने विचारलं. मी म्हणालो, एवढंच.

प्रमाण अजिबात गेलं नाही. उलट आता जास्त चांगली दिसते. भिजलेल्या जागी डाग राहिलाय, पण उशी टाकली की दिसत नाही. खिडकीपाशी ठेवली. पलंग आवरून गादी उभी केली, म्हणजे जागा मोकळी होते. कापलेले चार तुकडे टाकवले नाहीत. सुरेख लाकूड आहे.

आता बाबांना परत आणण्यात कसलीच अडचण उरलेली नाही. उभे राहता येत नाही म्हणजे उलट बसण्याचं महत्त्व वाढलं. उद्या स्वतः फोन करणार. ताईशी नाही, थेट बाबांशी.

१० मे

फोन केला. ताईने उचलला. मी म्हणालो, बाबांना दे. बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज. बाबा कुणाला तरी म्हणत होते, डावा, डावा, दुसरा डावा.

मग फोन त्यांच्या कानाला लागला असावा. मी सगळं सांगितलं. पाय कापले, आता तळपाय बरोबर जमिनीला लागतील, खिडकीपाशी ठेवली आहे, उशी आहे, शिट्टी तशीच आहे. माझी चूक झाली असेल तर, असंही म्हणालो, 'असेल तर' म्हणालो, कारण ते अजून ठरलेलं नाही. म्हणालो, खुर्ची तयार आहे बाबा, कधी येताय?

ते म्हणाले, "बस."

एवढंच. मग ताईने फोन घेतला आणि ठेवून दिला.

बस. या शब्दाचे तीन अर्थ होतात. एक, पुरे. दोन, खाली बस, अशी आज्ञा. तिसरा वाहनाचा, तो इथे लागू नाही. अशा वेळी अर्थ संदर्भावरून लावायचा असतो. संदर्भ खुर्चीचा होता. शिवाय बाबा ड्रिल मास्तर. आज्ञार्थ त्यांच्या तोंडी जास्त बसतो. स्वर मात्र पहिल्या अर्थाकडे झुकणारा वाटला, पण फोनवर स्वर नीट कळत नाही. हिला विचारलं. ती आरसा पुन्हा बाथरूममध्ये लावत होती. तिने खिळा तोंडात धरला होता, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

दुसरा अर्थ धरून चाललो.

बसलो. पाय व्यवस्थित टेकले. खाली चौक दिसतो. माणसं जातात-येतात. विशेष काही नाही.